कार्ल वोज: एका प्राध्यापकाची नोकरी आणि सजीवांची तिसरी शाखा

आजचा भाग एका मायक्रोबायॉलॉजीच्या प्राध्यापकाबद्दल आहे, पण सुरुवात गोबरगॅसपासून करूया.

गोबरगॅसच्या टाकीत शेण आणि पाणी कालवून सोडलं की आत हवेशिवाय कुजण्याची क्रिया सुरू होते. अनेक प्रकारचे सूक्ष्मजीव त्या काल्याचे टप्प्याटप्प्याने तुकडे करतात, आणि शेवटच्या टप्प्यात मिथेन वायू तयार होतो. हा मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मेथॅनोजेन म्हणतात. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटातही हीच मंडळी कामाला असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर छोट्या कांड्या, छोटे गोळे. दिसायला थेट जीवाणू, म्हणजे बॅक्टेरिया. १९७७ पर्यंत जगातले सगळे शास्त्रज्ञ त्यांना जीवाणूच म्हणत होते.

ते जीवाणू नाहीत, हे सांगणाऱ्या माणसाचं नाव कार्ल वोज. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना नावाच्या गावी, ते १९६४ साली रुजू झाले आणि डिसेंबर २०१२ मध्ये वारले तेव्हाही त्याच विद्यापीठात होते. एकच विद्यापीठ, जवळपास ४८ वर्षं. बाहेरून पाहिलं तर अगदी संथ नोकरी. आज आपण त्या नोकरीकडेच नीट पाहणार आहोत. कारण एवढा मोठा शोध कसा लागला, याचं अर्धं उत्तर त्या माणसाच्या डोक्यात सापडतं आणि उरलेलं अर्धं त्याच्या नेमणुकीच्या पत्रात.

मायक्रोबायॉलॉजी न शिकलेला मायक्रोबायॉलॉजिस्ट

वोज यांचा जन्म १५ जुलै १९२८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा. अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजातून १९५० साली पदवी घेतली ती गणित आणि भौतिकशास्त्रात. १९५३ साली येल विद्यापीठातून पीएचडी केली ती बायोफिजिक्समध्ये. मग डॉक्टर व्हायचं ठरवलं, रोचेस्टरला दोन वर्षं वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि मुलांच्या वॉर्डात काम सुरू झाल्यावर दोन दिवसांत ते सोडून दिलं. परत येलला आले. १९६० पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी इथल्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढली.

या यादीत मायक्रोबायॉलॉजी कुठे आहे? कुठेच नाही. पुढे मायक्रोबायॉलॉजी विभागात आयुष्य काढलेल्या या माणसाने तो विषय रीतसर शिकलेला नव्हता.

त्या काळात जीवशास्त्रात सगळ्यात गाजणारा प्रश्न होता जेनेटिक कोडचा. डीएनएमधली चार अक्षरं आणि प्रथिनांमधले वीस अमिनो आम्ल यांचा कोश कसा आहे? १९६१ साली पहिला शब्द उलगडला आणि १९६६ पर्यंत पूर्ण तक्ता तयार झाला. बाकीचे लोक कोश काय आहे ते शोधत होते. वोज यांना मात्र वेगळ्याच गोष्टीने पछाडलं होतं. हा कोश मुळात असाच का झाला? तो घडला कसा? १९६७ साली त्यांनी याच विषयावर ‘द जेनेटिक कोड’ नावाचं पुस्तक लिहिलं.

इलिनॉयमधले सॉल स्पीगलमन हे त्या काळचे मोठे नाव. आरएनएवर त्यांचं काम होतं. त्यांच्या निमंत्रणावरून १९६४ मध्ये वोज अर्बानाला आले. आले ते थेट कायम नेमणुकीवर, ज्याला तिकडे टेन्युअर म्हणतात. म्हणजे पाच-सहा वर्षांत इतके पेपर छापा, नाहीतर घरी जा, ही टांगती तलवार नाही. वोज यांनी स्वतःच नंतर सांगितलं आहे की ही नेमणूक नसती तर पुढचं काम हाती घेणं शक्य झालं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण शेवटी त्याकडे परत येऊ.

सोडून दिलेला प्रश्न

आता थोडं मागे जाऊया. प्राण्यांची वंशावळ लावायला जीवाश्म असतात, हाडं असतात, पंख, दात, शिंगं असतात. जीवाणूंकडे काय असतं? कांडी, गोळा किंवा स्क्रूसारखा पीळ. एवढ्यावर कोण कोणाचा चुलत भाऊ हे कसं ठरवणार?

विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या मायक्रोबायॉलॉजिस्टनी खूप प्रयत्न केले आणि नाद सोडला. रॉजर स्टेनियर आणि सी. बी. व्हॅन नील ही त्यातली दोन मोठी माणसं. १९६२ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात त्यांनी जीवाणू म्हणजे काय याची व्याख्या केली, ती मुख्यतः ‘नाही’ या शब्दावर. ज्यांच्या पेशीत आवरण असलेलं केंद्रक नाही ते प्रोकॅरिओट, आणि ज्यांच्या पेशीत आहे ते युकॅरिओट. युकॅरिओटमध्ये तुम्ही, मी, आंबा, बुरशी, अमीबा सगळे आले. प्रोकॅरिओटमध्ये उरलेले सगळे.

शाळेत आपण व्हिटेकर यांची पाच सृष्टींची पद्धत शिकलो आहोत. ती १९६९ ची. तिच्यातही केंद्रक नसलेले सगळे जीव ‘मोनेरा’ या एकाच खणात भरलेले होते. पण एखाद्या गटात एखादी गोष्ट नाही, एवढ्यावरून ते सगळे एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत. ज्यांच्याकडे गाडी नाही ते सगळे एका घराण्यातले, असं कोणी म्हणत नाही ना? वोज बाहेरून आलेले असल्यामुळे असेल, पण त्यांना हे खटकलं.

पोथ्यांचे पाठभेद आणि रायबोसोम

जून १९६९ मध्ये वोज यांनी फ्रान्सिस क्रिक यांना एक पत्र लिहिलं. त्यातली कल्पना अशी की पेशीच्या आत, रेणूंच्या अक्षरांमध्येच, जीवाश्मांसारखी नोंद शिल्लक असते. ती वाचली तर अब्जावधी वर्षांपूर्वीचा इतिहास मांडता येईल.

ही कल्पना मराठी माणसाला समजावणं फार सोपं आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या किती हस्तलिखित पोथ्या आहेत! नकलून घेताना कुठे शब्द बदलतो, कुठे ओवी गळते. मग त्या नकलेची पुढे नक्कल होते आणि चूकही सोबत जाते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती याच गोंधळातून वाट काढायला. आजचे अभ्यासकही दोन पोथ्यांत तोच वेगळा पाठ सापडला की म्हणतात, या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असणार. वोज यांना पेशीत अशी पोथी हवी होती जी प्रत्येक सजीवाकडे आहे, जी फार हळू बदलते, आणि जिच्याशिवाय कोणाचंच चालत नाही.

ती त्यांना रायबोसोममध्ये सापडली. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. तुमच्यात आहे, आंब्यात आहे, दह्यातल्या जीवाणूतही आहे. या रायबोसोममध्ये आरएनएचे काही धागे असतात. सुरुवातीला त्यांच्या प्रयोगशाळेत ५एस नावाच्या धाग्यावर काम झालं. पण तो जेमतेम १२० अक्षरांचा, त्यात मजकूर फार थोडा. मग १६एस हा धागा निवडला, जवळपास दीड हजार अक्षरांचा.

आज हे दीड हजार अक्षरांचं वाचन कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत एक-दोन दिवसांत होतं. १९७० च्या सुमारास मात्र अख्खा धागा सलग वाचण्याची सोयच नव्हती. होती ती फ्रेडरिक सँगर यांनी काढलेली तुकड्यांची पद्धत.

ती कशी चालायची ते सांगतो, कारण या गोष्टीचा गाभा त्या कंटाळवाण्या कामात आहे. आधी सूक्ष्मजीव किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या पाण्यात वाढवायचे. मग त्यातून १६एस आरएनए वेगळा काढायचा. एक विकर टाकायचं जे ‘जी’ हे अक्षर आलं की त्याच्या पुढे कापतं. दीड हजार अक्षरांचे शेकडो छोटे तुकडे होतात. ते तुकडे खास कागदावर ठेवून उच्च दाबाच्या विजेखाली पळवायचे, आधी एका दिशेने, मग आडव्या दिशेने. वर एक्स-रे फिल्म ठेवायची. फिल्मवर काळे ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तुकडा. मग तो ठिपका कापून काढायचा, त्याचे आणखी तुकडे करायचे, पुन्हा फिल्म. असं करत करत त्या छोट्या तुकड्यातली अक्षरं क्रमाने ठरवायची आणि त्या जीवाच्या नावाने तुकड्यांची यादी तयार करायची. एका जीवाची एक यादी व्हायला सुरुवातीला महिनेच्या महिने लागायचे.

प्रयोग करायला विद्यार्थी आणि सहाय्यक होते. मिचेल सोगिन, लिंडा बोनेन, लिंडा मॅग्रम अशी काही नावं. फिल्म वाचायचं काम मात्र वोज स्वतः करत. भिंतीवर उजेडाचे फलक लावलेले, त्यावर फिल्म, आणि हे तिच्यासमोर तासन्‌तास उभे. संध्याकाळी घरी जाताना आजही आपण आपल्या डोक्याचा भुगा केला, असं स्वतःशी म्हणायचो, असं त्यांनीच सांगितलंय. जगात हे काम या प्रमाणावर करणारं दुसरं कोणीच नव्हतं. त्यामुळे चुकलं तर सांगणारं कोणी नाही आणि बरोबर आलं तरी कळणारं कोणी नाही.

यात एक गोष्ट आणखी. १९६९ मध्येच स्पीगलमन इलिनॉय सोडून कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्यांनी बोलावलं तेच गेले. तरी वोज यांचं काम चालू राहिलं. नोकरी कायम होती, आणि पृथ्वीवरच्या जीवनाची सुरुवात कशी झाली या प्रश्नात रस असलेली नासा ही संस्था पैसे देत होती.

शेजारचा माणूस

याच विभागात राल्फ वोल्फ नावाचे प्राध्यापक होते. ते १९५३ पासून तिथे. त्यांचा विषय मेथॅनोजेन. हे जीव सांभाळणं म्हणजे महाकठीण, कारण हवेतला ऑक्सिजन लागला की खलास. वोल्फ यांचे विद्यार्थी विल्यम बाल्च यांनी बंद, दाबाखालच्या नळ्यांमध्ये हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड भरून हे जीव वाढवायची पद्धत बसवली. नळी बंद असल्यामुळे किरणोत्सारी फॉस्फरस घालूनही सुरक्षितपणे काम करता येऊ लागलं.

या योगायोगाचं महत्त्व बघा. १६एस वाचू शकणारी एक प्रयोगशाळा आणि मेथॅनोजेन नीट वाढवू शकणाऱ्या अगदी मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक, दोन्ही एकाच विभागात. वोज यांच्याकडे तेव्हा जॉर्ज फॉक्स नावाचे तरुण संशोधक होते. त्यांचं मूळ शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं. दोन जीवांच्या याद्यांमध्ये किती साम्य आहे ते आकड्यात मांडायचं काम त्यांनी केलं.

१९७६ च्या उन्हाळ्यात पहिल्या मेथॅनोजेनची फिल्म तयार झाली. वोज यांनी तोवर इतक्या जीवाणूंच्या फिल्म पाहिल्या होत्या की काही ठिपके त्यांना तोंडपाठ होते. सगळ्या जीवाणूंत सापडणारे ठरावीक तुकडे. ते इथे नव्हते. प्रयोगात काही चुकलं असेल म्हणून सगळं परत केलं. पुन्हा तेच. बरं, हे युकॅरिओटसारखंही नव्हतं.

वोज थेट वोल्फ यांच्याकडे गेले आणि म्हणाले की ही तर जीवाणूच नाहीत. वोल्फ यांनी त्यांना शांत केलं. अहो, जीवाणूसारखे दिसतात म्हणजे जीवाणूच! पण मग दुसरा मेथॅनोजेन पाहिला, तिसरा पाहिला. सगळे एकमेकांसारखे आणि बाकी सगळ्यांपासून तितकेच लांब.

नोव्हेंबर १९७७ मध्ये वोज आणि फॉक्स यांचा छोटासा पेपर अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या नियतकालिकात आला. त्यात तुलनेचा एक तक्ता आहे, फक्त १३ ओळींचा. एका गटात यीस्ट, पाण्यावर तरंगणारी लेम्ना ही इवलीशी वनस्पती आणि उंदराच्या पेशी. दुसऱ्या गटात ई. कोलाय, घटसर्पाचा जंतू असे जीवाणू, आणि वनस्पतीतला क्लोरोप्लास्ट. तिसऱ्या गटात चार मेथॅनोजेन, त्यातला एक गुरांच्या पोटातला. आकडे सांगत होते की हा तिसरा गट जीवाणूंपासून जितका लांब आहे तितकाच आपल्यापासूनही लांब आहे. त्याला नाव दिलं आर्किबॅक्टेरिया.

पहिल्या पानावरची बातमी आणि नंतरची शांतता

आता इथे गोष्ट बिघडते.

हे काम नासा आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर झालेलं. त्यांनी पत्रकारांना आधीच बातमी दिली. ३ नोव्हेंबर १९७७ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ती झळकली. नियतकालिकाचा अंक बहुतेक शास्त्रज्ञांच्या हाती पडायच्या आधी त्यांनी ही गोष्ट सकाळच्या पेपरात वाचली. सजीवांचा तिसरा प्रकार सापडला, म्हणे! आणि सांगतंय कोण? जो परिषदांना फारसा दिसत नाही, ज्याची पद्धत कोणालाच नीट माहीत नाही, आणि जो मुळात मायक्रोबायॉलॉजिस्टच नाही, असा माणूस.

फोन वोज यांना आले नाहीत, वोल्फ यांना आले. साल्वादोर लुरिया म्हणजे १९६९ चे नोबेल विजेते, आणि पूर्वी इलिनॉयमध्येच असलेले. त्यांनी वोल्फ यांना बजावलं की या खुळचटपणापासून लांब हो, नाहीतर तुझं करिअर बुडेल. कुठेतरी तोंड लपवून बसावंसं वाटलं, असं वोल्फ यांनी पुढे लिहिलं आहे. त्यांची त्यात चूक काय? त्यांनी फक्त आपले सूक्ष्मजीव शेजाऱ्याला दिले होते.

यात वोज यांचाही वाटा होता, हे मान्य करायला हवं. आपली पद्धत लोकांना समजावून सांगायला ते गावोगाव फिरले नाहीत. लोकांनी फिल्म वाचायला शिकावं, एवढीच त्यांची अपेक्षा. अशी माणसं आपल्याकडेही असतात. काम अस्सल, पण पटवून द्यायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. पुढची बरीच वर्षं अमेरिकेत त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष झालं, आणि त्याचा कडवटपणा त्यांच्या मनात कायम राहिला.

पाठिंबा आला जर्मनीतून. म्युनिकचे ओटो कांडलर सूक्ष्मजीवांच्या पेशीभित्तिकांचा अभ्यास करायचे. जीवाणूंच्या भित्तिकेत एक ठरावीक पदार्थ असतो, म्युरेन. मेथॅनोजेनमध्ये आणि मिठात राहणाऱ्या काही सूक्ष्मजीवांमध्ये तो नाही, हे त्यांना दिसलं होतं. म्हणजे पूर्ण वेगळ्या रस्त्याने ते त्याच गावी पोचले होते. जर्मनीतलेच वोल्फ्राम झिलिग यांनी दाखवलं की या जीवांचं आरएनए बनवणारं विकर जीवाणूंपेक्षा युकॅरिओटच्या विकराला जवळचं आहे. पेशीच्या पडद्यातली चरबीसुद्धा वेगळ्या बांधणीची निघाली. उकळत्या झऱ्यात, आम्लात राहणारे काही जीव अमेरिकन मायक्रोबायॉलॉजिस्ट थॉमस ब्रॉक यांनी यलोस्टोनमधून शोधले होते. तेही याच कुळातले ठरले. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांच्या वह्यांत ‘विचित्र’ म्हणून लिहून ठेवलेल्या नोंदी एकदम एका घरात जाऊन बसल्या. १९८१ साली आर्किबॅक्टेरियावरची पहिली परिषद झाली, ती म्युनिकला.

उशिरा आलेला मान

१९८४ मध्ये वोज यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. १९९० साली कांडलर आणि मार्क व्हीलिस यांच्याबरोबर त्यांनी पेपर लिहिला आणि नावातून ‘बॅक्टेरिया’ काढूनच टाकलं. तीन अधिक्षेत्रं: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. आज कॉलेजच्या पुस्तकात असणारी तीन फांद्यांची आकृती तीच. १९९२ मध्ये डच अकॅडमीचं लेव्हेनहुक पदक मिळालं, जे सूक्ष्मजीवशास्त्रातल्या सर्वात मानाच्या पदकांपैकी एक आहे.

१९९६ मध्ये समुद्रतळाच्या गरम झऱ्याजवळच्या एका मेथॅनोजेनचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेचं काम, वोज सहलेखक. सुमारे १७०० जीन्स सापडले आणि त्यातले निम्म्याहून अधिक तोवर कुठेच पाहिलेले नव्हते. १९ वर्षांपूर्वी ठिपके पाहून सांगितलेली गोष्ट आता सलग मजकुरात लिहिलेली होती.

तरी सगळ्यांना पटलं असं नाही. १९९८ मध्ये उत्क्रांतिशास्त्रातले भीष्माचार्य अर्न्स्ट मायर, वय वर्षं ९४, यांनी लेख लिहून म्हटलं की सूक्ष्मजीवांमधले फरक किरकोळ आहेत. खरी विविधता प्राणी-वनस्पतींमध्ये, म्हणून दोनच साम्राज्यं पुरेत. वोज यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. हा वाद वाचण्यासारखा आहे, कारण दोघांचे डोळेच वेगळे आहेत. मायर यांनी आयुष्यभर पक्षी पाहिले. वोज यांनी आयुष्यभर ठिपके.

२००० साली अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स, २००३ साली स्वीडनचं क्राफोर्ड पारितोषिक. नोबेलमध्ये या विषयाला जागाच नाही, त्यामुळे क्राफोर्ड म्हणजे या क्षेत्रातलं शिखर. ३० डिसेंबर २०१२ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वोज यांचं निधन झालं. २०१५ पासून इलिनॉय विद्यापीठातल्या जीनोम संस्थेला त्यांचं नाव आहे.

मग आज काय उरलं?

दोन गोष्टी. एक म्हणजे पद्धत. नॉर्मन पेस यांनी दाखवलं की सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढवायची गरजच नाही, माती किंवा पाण्यातून थेट हा १६एसचा मजकूर वाचता येतो. तेव्हा कळलं की जगातले बहुतेक सूक्ष्मजीव आपण कधी पाहिलेलेच नव्हते. आज आपल्या आतड्यात कोण राहतं याच्या बातम्या येतात, त्यामागे हीच पोथी आहे. पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सचा सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. तिथे एखादा नवा जीव ओळखायचा झाला तर सुरुवात १६एसपासूनच होते. कोकणात किंवा गोव्यात मिठागराचं पाणी आटत आलं की त्यावर लालसर-गुलाबी झाक येते. ती बऱ्याच अंशी मीठ सोसणाऱ्या आर्कियांची. आपल्या आगरातसुद्धा ती तिसरी शाखा पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर होती.

दुसरी गोष्ट म्हणजे झाड. ते मात्र बदलतंय. २०१५ मध्ये आर्क्टिकच्या समुद्रतळाच्या गाळातून ‘लोकी’ नावाच्या आर्कियांचा जीनोम मिळाला. त्यात युकॅरिओटची मानली जाणारी कितीतरी जीन्स होती. आता अनेक अभ्यासक म्हणतात की युकॅरिया ही स्वतंत्र तिसरी फांदी नाही, ती आर्कियांमधूनच फुटलेली आहे. म्हणजे तुम्ही-आम्ही गोबरगॅसवाल्यांच्या भावकीतले! वोज यांची तीन फांद्यांची आकृती कदाचित टिकणार नाही. पण ती बदलतेय तीही अशीच अक्षरं वाचून. आणि बरं का, या नव्या गटातला एक जीव जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवला, त्याचा पेपर २०२० मध्ये आला. त्याला सुमारे बारा वर्षं लागली.

बारा वर्षं. आता त्या नेमणुकीच्या पत्राकडे येऊया.

वोज १९६४ ला आले, १९७७ ला शोध जाहीर झाला, बहुतेकांनी मान्य करायला १९९० उजाडलं. आजच्या हिशोबाने बघा. दर वर्षी किती पेपर, किती गुण, किती निधी आणला, असा तक्ता भरायचा असता तर १९७२ साली त्यांनी काय लिहिलं असतं? “फिल्म पाहिल्या.” आपल्या विद्यापीठांत तर आज कितीतरी मायक्रोबायॉलॉजीचे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी नेमणुकीवर, तासिकेच्या हिशोबाने शिकवतात. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो दहा वर्षांचा प्रश्न हातात कसा घेईल? तो सहा महिन्यांत सुटणाराच प्रश्न घेणार, आणि त्याला दोष देता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कायम नोकरी मिळाल्यावर काहीच न करणारे प्राध्यापक आपण सगळ्यांनी पाहिलेत. ती नोकरी दिली की वोज तयार होतो, असं मुळीच नाही. विद्यापीठ लावतं ती पैज असते, आणि बऱ्याच पैजा हरतात. पण पैजच लावली नाही तर जिंकायचा प्रश्न येत नाही. अर्बानामध्ये १९६४ साली एका विभागाने ज्याच्याकडे त्या विषयाची पदवी नाही अशा ३६ वर्षांच्या माणसाला घेतलं, त्याला कायम केलं, आणि जवळपास तेरा वर्षं विचारलं नाही की बाबा, तू त्या भिंतीकडे बघत काय उभा असतोस. त्या विभागाचंही नाव या शोधात घ्यायला हवं. आणि वोल्फ यांचंही, ज्यांनी शिव्या खाल्ल्या आणि तरी सहकार्य सोडलं नाही.

तुमच्यापैकी कोणी संशोधनात असाल, किंवा कॉलेजात शिकवत असाल, तर तुमचा अनुभव जरूर कळवा. तुमच्याकडे असा एखादा प्रश्न आहे का, जो वेळ मिळाला असता तर हाती घेतला असता? पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलूया. तोपर्यंत, नमस्कार.